घडी नसलेली बाई

दत्तोबा फ्रेमवाल्याच्या दुकानात सारजा सासऱ्यांचा फोटो आणायला गेली होती. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, आणि आबाजींचा तो एकच फोटो, कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला, दत्तोबानं काळ्या पट्टीत बसवून ठेवला होता. तो तिनं हातात घेतला, काचेवरची भुशाची पूड पदरानं पुसली, आणि निघण्यासाठी वळताना तिची नजर खाली भिंतीला टेकवून ठेवलेल्या नव्या फ्रेमांकडं गेली. पहिल्याच काचेमागं तिच्या घरातली बाई उभी होती. तोच निळा झगा, तीच किंचित वाकलेली मान, हातातली दुधाची चरवी तशीच कललेली, आणि समोर दगडावर टेकलेला तो शिपाई, गुडघ्यावर लोखंडी टोप ठेवून, ओठ उघडे टाकून. सारजाला क्षणभर वाटलं, आपलं दार उघडं राहिलं आणि कुणीतरी भिंतीवरून ही उचलून आणली. पण मग तिला दिसलं की या बाईच्या गळ्यावर घडी नव्हती. घरातल्या चित्राला चौघडी पडली होती. एक रेघ बाईच्या गळ्यावरून आडवी जायची आणि दुसरी वरून खाली येऊन चरवी धरलेलं मनगट कापायची. रेघांवरचा रंग उडून आतला पांढरा कागद दिसायचा. सारजाला त्या रेघा इतक्या सरावाच्या झाल्या होत्या की बाईचा गळा असा सपाट, कोरा, कुठंही न दुमडलेला पाहून तिला ती उघडी पडल्यासारखी वाटली, आणि दुकानात दुसरं कुणी नसतानाही तिनं मान खाली घातली.

"हे कुनाचं हाय?" तिनं विचारलं.

"कुठलं?" दत्तोबा खिळे तोंडात धरून बोलत होता. "ते व्हय. इंदापूरला नव्या डॉक्टरीणबाई आल्यात न्हवं का, त्यांचं. पाच हायेत असली. दवाखान्यात लावायचीत म्हणं."

"आमच्याकडं हाय ही."

"असंल की." दत्तोबानं खिळे हातावर काढले. "छापील हायेत ती. मशिनीतनं काय एकच निघतंय व्हय?"

सारजा फोटो छातीशी धरून रस्त्यावर आली. बारामतीच्या बाजारपेठेत नेहमीचीच गर्दी होती, उसाच्या गाड्या अडकल्या होत्या, कुणीतरी कुणाच्या तरी बैलाला शिव्या देत होतं, आणि त्या सगळ्यातून ती चालत होती तेव्हा तिच्या कानात तेवढा एकच शब्द वाजत होता: छापील. तिला लिहितावाचता थोडंफार यायचं, छापील म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. देवांची चित्रं छापील असतात, आगपेटीवरचा वाघ छापील असतो. पण ती? तिला कोण छापेल?

घरात तिला नाव नव्हतं. सारजा मनातल्या मनात तिला 'तिकडची' म्हणायची, आणि हे नाव तिनं आजवर एकदाही तोंडातून बाहेर काढलं नव्हतं. सोपान लढाईवरून परत आला तेव्हा त्याच्या पिशवीत एक घोंगडीचा तुकडा, दाढीचं सामान आणि चौघडी केलेला हा कागद, एवढंच होतं. तो मोटार चालवायला म्हणून भरती झाला होता, वाळवंटात पकडला गेला, तिथून त्याला समुद्रापार इटलीत नेऊन तारेच्या कुंपणात ठेवलं, मग तिथल्या राजानं हार मानली, पहारेकरी पळाले, दरवाजे उघडे राहिले, आणि हा बाकीच्यांबरोबर डोंगरात शिरला. जर्मन माणसं त्यांना हुडकत होती. अख्खा हिवाळा आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत तिथल्या मेंढपाळांनी त्याला ठेवून घेतला. हे सगळं त्यानं आल्याआल्या, गावाकडच्या, कोऱ्हाळ्याच्या घरासमोर जमलेल्या माणसांना, एका दमात सांगितलं होतं आणि मग पुन्हा कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं तो कागद उलगडून पीठ लावून भिंतीला चिकटवला. सासूबाईंनी, धोंडाबाईंनी, जवळ जाऊन पाहिला, मेंढरं पाहून त्या हसल्या, आणि मग बोट लावून त्यांनी विचारलं, "ही कोन रं?" सोपान पाठमोरा होता. तो म्हणाला, "असू दे."

या दोन शब्दांवर सारजानं दहा-बारा वर्षं काढली होती. चुलीपुढं बसून ऐकलेले ते शब्द तिच्या आत जाऊन बसले आणि तिथं वाढत गेले. मेंढपाळांनी ठेवून घेतलं. मेंढपाळांत बायकाही असणार. त्यातली एक ही. हिनं आपल्या माणसाला थंडीत दूध दिलं, अंगावर पांघरूण घातलं, आणि तो निघाला तेव्हा आपली तसबीर काढून त्याच्या हाती दिली. हे इतकं सरळ होतं की विचारायची गरजच नव्हती, आणि विचारण्याची भीतीही होतीच. पुढं त्याला एस.टी.त ड्रायव्हरची नोकरी लागली, बारामतीत कऱ्हेच्या काठाला दोन खोल्या घेतल्या, तेव्हा तो कागद पाणी लावून भिंतीवरून सोडवून काढला तोही सारजानंच, बोटांच्या टोकांनी, कोपरा न फाटू देता. तिला स्वतःचं नवल वाटलं होतं. फाडायची इतकी चांगली संधी पुन्हा येणार नव्हती.

त्या बाईबरोबर राहायची तिला सवय होत गेली. सकाळी केर काढताना पहिली नजर तिच्यावर जायची. चित्राभोवती वेलबुट्टीची रुंद महिरप होती, पानाफुलांतून सोन्याचे बारीक ठिपके पेरलेले, एका कोपऱ्यात अर्धं पाखरू आणि अर्धा माणूस असा कसलासा प्राणी, खाली न कळणाऱ्या अक्षरांच्या ओळी, आणि पहिल्या मोठ्या अक्षराच्या पोटात बसलेली एक गोगलगाय. सारजा मेंढरांच्या घरात वाढलेली. लहानपणी बापाच्या कळपामागं तिनं भीमेपर्यंतची रानं तुडवली होती. तिला त्या चित्रातल्या मेंढरांत चुका दिसायच्या: एवढी पांढरी मेंढरं चिखलातून चालतच नसणार. पण बाईत तिला चूक काढता यायची नाही. तिची बोटं लांब होती, दूध ओतताना एक थेंबही बाहेर सांडत नव्हता, आणि तिचे डोळे शिपायाकडं नव्हते, चरवीकडंही नव्हते; कुठंतरी मधेच, हवेत, काहीतरी आठवल्यासारखे थांबले होते. बाळंतपणात, कळा येत होत्या तेव्हा, सुईण मान धरून दिव्याकडं बघ म्हणत असतानाही सारजा त्या डोळ्यांकडं बघत होती. मुलगी झाली. तिचं नाव म्हाळसा ठेवलं ते सोपाननं, पण पाळण्यातून ती पोर त्या निळ्या रंगाकडं बघून हात नाचवायची, आणि सारजाला राग आणि अभिमान दोन्ही एकदम यायचे, जणू पोरीनं एखाद्या मोठ्या पाहुणीला ओळखलं होतं. एकदा तर तिनं बाजारातून तसल्याच निळ्या रंगाचं लुगडं घेतलं. नेसून, लोटीत दूध घेऊन, सोपान ड्यूटीवर निघायच्या वेळेला ती दारात उभी राहिली. त्यानं दूध प्यायलं, मिशा पुसल्या, लोटी परत दिली आणि तो गेला. कोपऱ्यावर जाऊन त्यानं एकदा मागं वळून पाहिल्यासारखं केलं. पण समोरून गाढवं येत होती, त्यांच्यासाठीही वळला असेल.

आणि आता दत्तोबा म्हणत होता, मशिनीतनं काय एकच निघतंय व्हय?

घरी येऊन तिनं आबाजींचा फोटो कोनाड्यात ठेवला आणि चित्रासमोर उभी राहिली. इतकी वर्षं जिच्याशी भांडली, जिचा हेवा केला, जिचे उपकार मानले, ती कागदावरची शाई होती हे पटायला हवं होतं, हलकं वाटायला हवं होतं. तसं काहीच होत नव्हतं. उलट विहिरीत बादली सुटावी तसं काहीतरी सुटून खाली जात होतं. ही जर तिकडची नव्हे, तर तिकडची कशी होती? आजवर तिला निदान चेहरा तरी होता. डोळ्यांत डोळे घालून बघता येत होतं. आता तो चेहरा गळून पडला आणि डोंगरातली ती बाई नुसतीच राहिली, अंधारासारखी, कशीही असू शकणारी. गोरी असेल, काळी असेल, हसत असेल. सोपान दुपारी जेवायला आला तेव्हा सारजा त्याला वाढताना त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. तो भाकरी मोडून कालवणात बुडवत होता. त्याच्या डोळ्यांमागं कुणाचा तरी चेहरा होता आणि तो तिला कधीच दिसणार नव्हता.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय. मला इंदापूरला जायचंय, डॉक्टरीणबाईकडं."

त्याचा हात थांबला. "काय हुतंय?"

"हुत काय न्हाय. जाऊन येते."

हात धुताना तो म्हणाला, "उद्या माझ्याच गाडीनं चल. म्होरं बस. मागं धक्के बसत्यात."

म्हाळसाला शाळेत धाडून सकाळच्या गाडीला सारजा त्याच्या मागच्या बाकावर बसली. इतक्या वर्षांत ती त्याच्या गाडीत क्वचितच बसली होती, आणि अशी अगदी पाठीशी तर कधीच नाही. खाकी कॉलरच्या वर त्याची मान दिसत होती, उन्हानं रापलेली, आडव्या सुरकुत्या पडलेली. घरात कधी ती अशी सलग बघायला मिळत नसे. काटेवाडीला भाजीच्या पाट्या घेऊन बायका चढल्या, कोथिंबिरीचा ओला वास गाडीभर झाला. कंडक्टर जोतीराम तिकिटं फाडत फिरत होता. दोन्हीकडं ऊस होता, पाटाचं पाणी मधेच चमकायचं आणि उसात लपायचं. सारजा त्या मानेकडं बघत होती. ही मान त्या डोंगरात थंडीनं आखडली असेल. कुणीतरी तिला शेक दिला असेल. लग्नानंतर तो भरती व्हायच्या आधी दोघं एकत्र राहिली ती जेमतेम एक पावसाळा. ती चौदा-पंधराची, तो दिवसभर मेंढरांमागं, आणि सासूसमोर नवऱ्याकडं मान वर करून बघायची सोय नव्हती. मग तो गेला. मग तार आली की बेपत्ता आहे. तार वाचून दाखवणारा माणूस गेल्यावर ती परड्यात जाऊन बसली होती, आणि रडायचं म्हणून त्याचा चेहरा आठवू लागली, तर तिला आठवला तो त्याचा आवाज, मेंढरांना घातलेली शीळ, पायातल्या वहाणांची करकर, घामाचा आणि लोकरीचा वास. चेहरा येईना. घरात त्याचा फोटो नव्हता. नाक यायचं, एखाद वेळी भुवया यायच्या, पण ते सगळं एकमेकांना चिकटायचं नाही. किती महिने ती असं जुळवत राहिली होती. ज्याचं तोंडही आठवत नाही त्याच्यासाठी माणूस इतकं झुरू शकतं, हे तिला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

निमगावला पानमळे लागले. वेलींच्या गर्द सावल्या खिडकीतून आत येऊन त्याच्या मानेवरून सरकत गेल्या.

इंदापूरला दवाखान्याच्या ओसरीवर पाचही चित्रं ओळीनं लावलेली होती, आणि त्यांच्याखाली बाकावर खोकणारी, पोरांना मांडीवर घेतलेली माणसं बसली होती. कुणीही वर बघत नव्हतं. सारजाचा नंबर आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला बसायला सांगितलं आणि नाडी बघायला हात पुढं केला. बाई सारजाच्याच वयाच्या होत्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं पुण्याकडचं.

"काय त्रास होतोय?"

"तरास न्हाय. भाईरच्या चित्रांचं इचारायचं हुतं."

डॉक्टरीणबाईंनी हात मागं घेतला आणि तिच्याकडं नीट पाहिलं. त्या हसल्या नाहीत. "थोडं थांबाल? एवढी माणसं होऊ देत."

माणसं संपायला बराच वेळ गेला. मग बाई पदर खोचून स्वतःच बाहेर आल्या आणि चित्रांपाशी तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. शिक्षणासाठी विलायतेला होते, म्हणाल्या; येताना आगबोट इटलीच्या बंदरात थांबली होती, तिथं एका दुकानात ही मिळाली. जुनी हातानं लिहिलेली पोथी आहे, कुणा सरदारानं चित्रकार बसवून करून घेतलेली. कुठल्याशा युद्धाचं मोठं काव्य आहे. पोथी तिकडं कपाटात कुलपात असते, ही तिच्यातल्या पानांची छापील चित्रं.

"गोष्ट काय हाय?"

"पूर्ण मलाही माहीत नाही हो. दुकानदारानं सांगितलं तेवढंच. हा शिपाई लढाईतून वाट चुकतो." त्यांनी पहिल्या चित्रातल्या घोड्यांच्या आणि भाल्यांच्या गर्दीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्यातल्या काळ्या-हिरव्या झाडीवर. "इथं रानात फिरतोय. इथं हे मेंढपाळ त्याला ठेवून घेतात. चौथ्यात तो झोपलाय, बघा, मेंढरांत, आणि ही जागी आहे."

चौथं चित्र सारजा पहिल्यांदाच बघत होती. शिपाई मेंढराच्या पाठीवर डोकं ठेवून झोपला होता आणि निळी बाई चूल राखावी तशी त्याच्याजवळ बसली होती. म्हणजे घरातल्या भिंतीवर जे थांबलं होतं ते इकडं पुढं चाललं होतं. दूध संपलं होतं, रात्र झाली होती. तिला एकदम कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं झालं.

"ही खरीच हुती का?" तिनं विचारलं.

"गोष्टीतली ही बाई कुणी रचलेलीच असणार. पण चित्र काढणाऱ्यानं कुणाला तरी समोर उभं केलं असेल ना. तोंड एखाद्या खऱ्या बाईचं असेल. तिला जाऊनही आता चारशे-पाचशे वर्षं झाली."

पाचव्या चित्रात बाई एकटीच होती. उतारावर उभी, चरवी खाली ठेवलेली, आणि तिच्यापासून निघालेली वाट डोंगरांना वळसे घालत दूर गेलेली. वाटेवर कुणी नव्हतं.

"आनि ह्यो?"

"हा बघा." बाईंनी काचेवर नख टेकवलं. वाटेच्या पार शेवटी, निळसर डोंगराच्या पोटात, सोन्याचा एक ठिपका होता, मोहरीएवढा. "त्याचा टोप. उन्हात चमकतोय."

"घरी पोचला का त्यो?"

"पुढची पानं त्या दुकानात नव्हती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं हे कसं आलं?"

"मालक लढाईत हुते तिकडं," सारजा म्हणाली. आणखी काहीतरी सांगावंसं तिला वाटलं, पण सांगण्यासारखं जे होतं ते अजून तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

परतीची गाडी दुपारी निघाली. ऊन तापलं होतं, गाडी निम्मीच भरली होती. लासुर्ण्याच्या अलीकडं इंजिनातून वाफा यायला लागल्या तेव्हा सोपाननं एका बाभळीखाली गाडी घेतली. शेजारी पाटाची चारी वाहत होती आणि पलीकडं चहाचं एक खोपट होतं. जोतीराम सगळ्यांना घेऊन तिकडं गेला. सोपाननं झाकण उघडलं, वाफेचा लोट अंगावर येऊ दिला नाही, आणि डबा घेऊन तो चारीच्या काठाला गेला. सारजा खाली उतरली. तो डबा भरून परत आला तेव्हा ती बॉनेटपाशी उभी होती.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज कोरडा होता. सकाळपासून तो काहीतरी वाईट ऐकायच्या तयारीत असावा, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"मला काय झालेलं न्हाय. मी चित्रं बघायला गेल्ते. आपल्या भितीवरली बाई तितं हाय. छापील हाय ती."

तो पाणी ओतत राहिला. इंजिन फुसफुसलं.

"मंग? छापीलच हाय की," तो म्हणाला. "त्या घरातला थोरला ल्योक शहरात छापखान्यात हुता. त्यानं आनलेली अशी लई चित्रं हुती भितीवर. म्हातारी सांजच्याला एकेकावर बोट ठिवून गोष्ट सांगायची. निम्मी कळायची मला."

"कोन म्हातारी?"

"जिनं ठिवून घेतलं ती. माझ्या आईपरीस थोरली. ती आनि तिचा म्हातारा, दोगंच. ल्योक लढाईत ग्येलेले." त्यानं डबा खाली ठेवला. "तुला काय वाटलं?"

म्हातारी. तोंडात दात नसलेली, कमरेत वाकलेली एक म्हातारी डोंगरातून चालत आली आणि इतक्या वर्षांच्या त्या निळ्या बाईच्या जागी येऊन उभी राहिली, आणि सारजाला तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि तरीही काहीतरी उरलंच होतं.

"मंग हीच का आनली? एवडी चित्रं हुती म्हणता, तर हीच का?"

खोपटाकडून कपबश्यांचा आवाज येत होता. त्यानं खिशातून फडकं काढून हात पुसले, एकेक बोट.

"म्हातारीनं एकदा इचारलं," तो म्हणाला, "घरी बायकू हाय का. व्हय म्हणलं. कशी हाय, म्हणाली. आता ह्ये सांगायपुरती त्यांची भाषा येत हुती मला. काळी, गोरी, उच्ची, ठेंगणी, सगळं येत हुतं. पर तुजं तोंडच येईना डोळ्याम्होरं. लई जोर लावला. तू लाकडं घिऊन येताना दिसायचीस, पाठमोरी. पानी शेंदताना दिसायचीस. तोंड म्हणून न्हाय. म्हातारी आपली वाट बघत बसलेली. तिला काय सांगू, बायकूचं तोंड इसारलो म्हणून? मंग भितीवर बोट केलं. अशी हाय म्हणलं."

सारजानं बॉनेटवर हात ठेवला. पत्रा तापलेला होता, तरी तिनं तो काढला नाही.

"त्या दिसापास्नं ती चित्राला तुजं नाव घिऊन हाक मारायची. सारजा म्हणता यायचं न्हाय तिला, साराच म्हणायची. निजताना म्हणायची, सारा, तुजा नवरा निजला बग. मीबी बघायचो मंग. दुसरं काय बघनार? निघालो तवा तिनं खिळं काढलं आनि घडी घालून दिली. घे म्हणाली, तुजी बायकू."

म्हणजे ती आपणच होतो. हे सारजाच्या मनात आलं ते आनंदासारखं आलं नाही; फार लांबून कुणीतरी आपल्या नावानं हाक मारत होतं आणि आपण ओ दिली नव्हती, असं काहीसं. त्या थंडीत, त्या परक्या घरात, तिच्या नावानं एक निळी बाई रोज रात्री जागी राहिली होती. सोपाननं जी काही आठवण काढली होती, जे काही मनातल्या मनात बोलला होता, ते त्या लांब बोटांशी, त्या हवेत थांबलेल्या डोळ्यांशी. आणि मग तो घरी आला होता, आणि घरी होती काळीसावळी, हनुवटीवर गोंदलेली, चुलीच्या धुरानं डोळे लाल झालेली एक बाई. ज्या बाईचा तिनं हेवा केला ती तीच होती, आणि तरी ती तिच्यासारखी कुठंच नव्हती. आता कुणाचा हेवा करायचा?

"मंग आल्यावर?" ती म्हणाली. "मला बघून काय वाटलं?"

त्यानं इंजिनाचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "खरं सांगू?"

"सांगा."

"वळखलं न्हाय तुला. मला वाटलं धाकट्या भावाचं लगीन झालंय आनि ही त्याची. दोन दिस कुनाला इचारायची बी चोरी. तू भाकरी वाडायला आलीस, आवाज ऐकला, तवा कळलं."

सारजा हसली. हसू तिचं तिलाच अनपेक्षित होतं, आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांत पाणी आलं तेही तिनं पुसलं नाही. "टेसनात दोघं शिपाई उतरले हुते," ती म्हणाली. "तुमी आनि आनिक एक, उच्चा. मी पदराआडनं त्याच्याकडंच बघत हुते. लई बरं वाटलं मला. म्हणलं, आला. आनि आत्याबाई 'माजं लेकरू' म्हणत पळत ग्येल्या तुमच्याकडं."

सोपान तिच्याकडं बघत राहिला. मग त्याच्या मिशा हलल्या. "त्यो वाघळवाडीचा हुता," तो म्हणाला. "उच्चा हुता खरा."

चारीतून पाणी जात होतं. उसावरून वारा आला की पाती एकमेकांवर घासून लांबवर सळसळ जायची आणि कुठंतरी थांबायची. सारजाला वाटलं, इतकी वर्षं दोघं एका छपराखाली कुणाची तरी वाट बघत होती, आणि ज्यांची वाट बघत होती ती माणसं आता येणार नव्हती. परड्यात बसून ज्याचा चेहरा तिला आठवला नव्हता तो पोरगेला मेंढका, आणि त्या डोंगरात जिला सारा म्हणून हाक मारली जायची ती. ती दोघं तिकडंच कुठंतरी राहिली. इथं ही दोघं होती, तापलेल्या गाडीशेजारी, एकाच्या हातात रिकामा डबा.

खोपटाकडून जोतीराम माणसं घेऊन येताना दिसू लागला. सारजानं डोईवरचा पदर मागं सारला. भर रस्त्यात, गाडीतली माणसं समोरून येत असताना, तिनं तो पार खांद्यावर पडू दिला आणि तोंड उन्हाकडं केलं.

"बगून घ्या नीट," ती म्हणाली.

सोपाननं डबा खाली ठेवला. तो तिच्याकडं बघू लागला, आधी डोळे बारीक करून, मग नुसताच. माणसं गाडीत चढली. जोतीरामनं घंटी दिली, थोडं थांबला, आणि पुन्हा दिली. सोपान तिथंच उभा होता.